दुसरी प्रत कोठे आहे? : ऑनलाइन व्यवसाय, आपत्ती आणि क्लाउड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावे आजवर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर आणि निजामकालीन मराठी शिक्षणावर व्याख्याने झाली. यंदाचा विषय मी कळविला तेव्हा चिटणीसांचा दूरध्वनी आला, ‘सर, पत्रात काही चूक तर झाली नाही ना?’ चूक झालेली नव्हती. हयातभर मराठी शिकविलेल्या माणसाने संगणकाच्या व्यवहारावर बोलावे याचा अचंबा मलाही वाटतो. परंतु पोथ्यांच्या प्रती जुळविण्यात आणि पाठभेद नोंदविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक प्रश्न चांगला परिचयाचा असतो. मूळ पोथी नष्ट झाली तर मागे काय उरते, आणि जे उरते ते खरे आहे हे कशावरून? आजचा विषय हा त्याच प्रश्नाचा नवा अवतार आहे.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. या शाळेचा एक विद्यार्थी, पुढे महाविद्यालयात माझाही विद्यार्थी, हैदराबादमध्ये मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक संकेतस्थळावरून विकतो. २०२० हे महामारीचे वर्ष. दुकानांत जाणे थांबले होते, त्यामुळे त्याचा ऑनलाइन व्यवसाय चांगलाच वाढला होता. १३ ऑक्टोबरच्या रात्री या शहरावर जो पाऊस कोसळला तो आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. त्याचे भाड्याचे दुकान सखल भागात, तळमजल्यावर. सकाळी कंबरभर पाणी होते. संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवर असल्यामुळे ते सुखरूप होते. गंमत अशी की पाणी चढत असतानाही त्यावर मागण्या येतच होत्या. पण सर्व्हरवरील जागेचे भाडे वाचावे म्हणून तो दररोज रात्री मागण्यांची यादी दुकानातील संगणकात उतरवून घेई आणि तिकडची पुसून टाकी. संगणक पाण्याखाली गेला. बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क होती, नाही असे नाही. ती त्याच टेबलाच्या खणात होती.

पैसे जमा झालेले, पण कोणी काय मागविले ते ठाऊक नाही, अशी अवस्था झाली. पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडून रकमा आणि दूरध्वनी क्रमांक मिळाले. त्यावरून अठरा दिवस तो एकेका ग्राहकाला विचारीत होता, ‘आपण कोणते अंक मागविले होते?’ बहुतेकांनी खरे सांगितले, काहींनी रागे भरले, आणि पुष्कळांचे अंक दिवाळी उलटल्यावर पोहोचले. त्याच संगणकात माझाही एक ऐवज होता. हैदराबादच्या मराठीत रुळलेल्या दखनी आणि तेलुगू शब्दांचा संग्रह मी वीस वर्षे पत्रांवर केला होता. त्याने तो टंकलिखित करून दिला, आणि घरात जागा नाही म्हणून मी ती पत्रे रद्दीत घातली. त्याचा दोष नाही. प्रतीची प्रत ठेवावी हे विद्यार्थ्यांना शिकविणारा मीच होतो.

आता शब्दाविषयी थोडे. ‘क्लाउड’ म्हटले की आपले डोळे आकाशाकडे जातात. वास्तविक त्यात मेघासारखे काहीही नाही. दूरसंचाराचे आराखडे काढताना, जो भाग आपल्या ताब्यात नाही आणि ज्याचा तपशील येथे आवश्यक नाही, तो अभियंते ढगाच्या आकृतीने दाखवीत. तेथून हे नाव रूढ झाले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या विजेवर चालणारा, आपण भाड्याने घेतलेला संगणक. ती इमारत जमिनीवर उभी असते. तिला आग लागू शकते.

आणि लागलीही आहे. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झाले आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ‘रस्ट’ या खेळाच्या निर्मात्यांनी युरोपातील पंचवीस सर्व्हरांवरील माहिती कायमची गमावली. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी स्वतंत्र पैसे मोजले होते, परंतु तो बॅकअप मूळ माहितीच्याच इमारतीत होता. त्यांपैकी एका ग्राहकाच्या दाव्यात लील येथील वाणिज्य न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला भरपाई द्यावयास लावली. माझ्या विद्यार्थ्याच्या टेबलाचा खण आणि स्ट्रासबुर्गची ती इमारत यांत तत्त्वतः काय अंतर आहे, हे मला अद्याप कळलेले नाही. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो शासकीय सेवा बंद पडल्या, आणि शासकीय कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटांचा साठा नाहीसा झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

तेव्हा योजना कशी करावयाची? जाणकार मंडळी प्रारंभी दोन प्रश्न विचारतात. पहिला : आपत्तीनंतर किती मागे गेलेले परवडेल? याला ते ‘रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह’ म्हणतात. रात्री बाराला प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहाला आपत्ती आली, तर अठरा तासांचा व्यवहार गेला. तो परवडत नसेल तर प्रत अधिक वेळा घेतली पाहिजे. दुसरा : किती वेळ बंद राहिलेले परवडेल? हे ‘रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह’. या प्रश्नांची उत्तरे संगणकतज्ज्ञाने देण्याची नाहीत, ती मालकाने द्यावयाची असतात. आणि संपूर्ण व्यवसायासाठी एकच उत्तर नसते. माझ्या विद्यार्थ्याने वही घेऊन आपल्या व्यवसायाचे भाग पाडले. मागण्या आणि पैशांच्या नोंदी पाच मिनिटांपेक्षा अधिक हरवता कामा नयेत. पुस्तकांच्या साठ्याची नोंद एक दिवस मागची चालेल, कारण कपाटे मोजून ती पुन्हा करता येते. मुखपृष्ठांची छायाचित्रे आठवड्याची जुनी असली तरी बिघडत नाही. बंद राहण्याचे म्हणाल, तर आश्विनात दोन तासही जड जातात, आषाढात एक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही वही तयार झाली की खर्चाचा हिशेब मांडता येतो. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे केवळ प्रती दूरच्या क्लाउडमध्ये ठेवणे आणि प्रसंग आला की तेथे नवे यंत्र भाड्याने घेऊन त्यांवरून दुकान उभारणे. यात काही तास, कधी दिवसही जातो. दुसऱ्या मार्गाला ‘पायलट लाइट’ म्हणतात. गॅसच्या गीझरमध्ये एक लहान ज्योत सतत तेवत असते आणि तोटी सोडताच मोठी ज्वाला पेट घेते, तशी यात मागण्यांची नोंदवही तेवढी दूरच्या ठिकाणी अखंड जागी ठेवावयाची. बाकीची यंत्रे बंद, म्हणून त्यांचे भाडे नाही. याच्यावर, लहान आकाराचे पण पूर्ण चालू दुकान दुसरीकडे ठेवणे, आणि त्याहीवर दोन्हीकडे सारखेच दुकान चालविणे, हे मार्ग बँकांना आणि रेल्वेच्या आरक्षणाला शोभतात. पुस्तकविक्रेत्याने त्यांच्या नादी लागू नये. माझ्या विद्यार्थ्याने दुसरा मार्ग पत्करला.

दूरचे ठिकाण म्हणजे किती दूर? ॲमेझॉनच्या क्लाउडचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि आपल्या हैदराबादेत नोव्हेंबर २०२२ पासून आहे. अशा प्रत्येक केंद्रात परस्परांपासून काही अंतरावर उभे असलेले इमारतींचे गट असतात, त्यामुळे एक इमारत जळाली तरी काम चालू राहू शकते. परंतु संपूर्ण केंद्राच्या व्यवस्थेतच बिघाड झाला तर हे अंतर उपयोगी पडत नाही; २० ऑक्टोबर २०२५ रोजी याच कंपनीच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात तसे झाले आणि जगभरच्या कित्येक सेवा काही तास अडल्या. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या शहरातील केंद्रात हवी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरसा म्हणजे प्रत नव्हे. मूळ नोंदवहीत जे घडेल ते दुसरीकडे तत्क्षणी उतरेल अशी व्यवस्था पुरापासून आणि आगीपासून वाचविते, पण चुकीपासून वाचवीत नाही. इकडे कोणी हजार मागण्या पुसल्या की तिकडेही त्या त्याच क्षणी पुसल्या जातात. म्हणून ठराविक वेळी घेतलेल्या, तारीखवार, आणि ठराविक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाहीत अशा प्रती निराळ्या ठेवाव्या लागतात. त्यांची किल्लीही निराळी हवी. २०१४ च्या जून महिन्यात कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याची किल्ली एका खंडणीखोराच्या हाती लागली. मूळ माहिती आणि बहुतेक बॅकअप एकाच खात्यातून पुसता येत होते, आणि ती कंपनी बंद झाली. याच्या उलट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर हा निवृत्तिवेतन निधी. मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरील त्याची व्यवस्था, एका साधनात एक रकाना रिकामा राहिल्यामुळे, पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपली खाती पाहता येईनात. परंतु निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, आणि त्यांची पुनःस्थापनेच्या कामी मोठी मदत झाली.

प्रती वाढल्या की जबाबदारीही वाढते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ग्राहकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक त्या प्रत्येक प्रतीत असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या दृष्टीने, मूळ यादी कुलपात आणि तिची प्रत उघड्यावर, हे चालण्यासारखे नाही.

परंतु मला सर्वांत बोलके वाटते ते गिटलॅबचे उदाहरण, कारण ते पाठचिकित्सेच्या वर्गात शिकविण्याजोगे आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम यंत्रावर द्यावयाची पुसण्याची आज्ञा मुख्य यंत्रावर दिली. चूक काही क्षणांत उमगली, तोवर सुमारे तीनशे गिगाबाइटांतील जेमतेम साडेचार उरले होते. बॅकअपचे एक नव्हे, पाच मार्ग कागदोपत्री होते. पाहावयास गेले तर नित्याचा बॅकअप होतच नव्हता, कारण दोन आज्ञावल्यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. तो अयशस्वी झाल्याची सूचना देणारी पत्रे नाकारली जात होती, आणि ती येत नाहीत म्हणून सारे निश्चिंत होते. कोणा एकाने निराळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत योगायोगाने हाती लागली आणि निभावले. त्या कंपनीचे कौतुक यासाठी की तिने हे सर्व लपविले नाही. दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट पाहू दिली आणि आपल्या चुका सविस्तर लिहून प्रसिद्ध केल्या.

जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिला मी प्रत म्हणण्यास तयार नाही. येथे गुरुजींची आठवण होते. शाळेचे सर्वसाधारण नोंदणीपुस्तक ते दोन प्रतींत ठेवीत. दुसरी प्रत शाळेत नव्हे, तर एका सहकाऱ्याच्या घरी, माळ्यावर. हे पुष्कळांना माहीत आहे. पुढचे फारसे माहीत नसेल. दर उन्हाळ्याच्या सुटीत ते ती प्रत खाली काढीत, आम्हा दोघातिघांना बसवून कोणतीही दहा नावे काढावयास लावीत आणि जन्मतारखेसह मूळ पुस्तकाशी ताडून पाहत. एका वर्षी एक संपूर्ण पान वाळवीने खाल्लेले निघाले, ते त्यांनी त्याच दुपारी पुन्हा लिहून काढले. त्या वेळी आम्हांला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटे.

सराव केला म्हणजे कागदावर न सुचलेल्या अडचणी पुढे येतात. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा सराव केला तेव्हा मुंबईच्या क्लाउडमध्ये दुकान उभे राहिले, परंतु ग्राहक तेथे पोहोचेनात. संकेतस्थळाचे नाव कोणत्या यंत्राकडे न्यावयाचे हे सांगणारी जी नोंद इंटरनेटवर असते, ती जगभरचे संगणक काही काळ लक्षात ठेवतात. तो काळ त्याने एक दिवसाचा ठरविलेला होता. आता तो पाच मिनिटांचा आहे. दुसऱ्या सरावात त्याने, दुकान पाण्याखाली आहे असे समजून, दुकानातील एकाही वस्तूला हात लावावयाचा नाही असे ठरविले. खात्यात शिरण्याचा सांकेतिक क्रमांक ज्या मोबाइलवर येतो तो दुकानाच्या गल्ल्यातच होता. सराव तेथेच थांबला. तिसऱ्या वेळी त्याने पुतणीला बसविले, कारण आपत्ती येईल त्या दिवशी आपण गावात असूच असे नाही. काय, कोणत्या क्रमाने करावयाचे, हे लिहिलेली वही वाचूनच तिने सर्व करावयाचे होते. सातव्या पायरीवर तिने विचारले, ‘काका, नेहमीप्रमाणे म्हणजे कसे?’ वहीतील ते दोन शब्द खोडून तेथे दीड पान लिहावे लागले.

हैदराबादकरांना हे नवे वाटू नये. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीने हे शहर बुडविले, हजारो माणसे गेली. विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूस पाणी अडविण्याची योजना दिली, आणि १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. तरीही २०२० चा पाऊस आलाच, कारण तो शहरावरच पडला आणि जुनी तळी व नाले बुजलेले होते.

यंदाचा सराव गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी झाला, आणि पुतणीच्या आग्रहावरून मीही जाऊन बसलो. मागण्या पाच मिनिटांपूर्वीपर्यंतच्या मिळाल्या, दुकान बावन्न मिनिटांत उघडले. दिवाळी अंकांची छायाचित्रे मात्र दिसेनात. ती ज्या साठ्यात ठेवली होती त्याचे नाव यादीत लिहावयाचे राहून गेले होते. तिने ते वहीत लिहिले, खाली तारीख घातली. त्याच साठ्यात आता माझ्या शब्दसंग्रहाचे नव्याने जमविलेले सहाशे शब्द आहेत. जुन्या संग्रहातील किती परत आठवतील, सांगता येत नाही. त्यांतले जे आपल्या घरांत बोलले जात असतील ते कागदावर लिहून शाळेच्या कार्यालयात द्यावेत, अशी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.