छत्तीस सेकंदांचे वचन

१० जून २०१८ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ‘बेथेस्डा’ या व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम झाला. अखेरीस पडद्यावर एक लहानशी चित्रफीत झळकली. डोंगररांगा, त्यापलीकडे समुद्रकिनारा आणि मग एक नाव : ‘द एल्डर स्क्रोल्स सहा’. ना कथा, ना पात्रे, ना प्रकाशनाची तारीख. सारा मामला सुमारे छत्तीस सेकंदांचा. तरीही सभागृहात जल्लोष झाला आणि त्या दिवसापासून जगभरातील लक्षावधी चाहते या खेळाच्या सहाव्या भागाची वाट पाहू लागले. २०२५ साल सरत आले, तरी तारीख जाहीर झालेली नव्हती.

एका खेळासाठी इतकी प्रतीक्षा का, असा प्रश्न ज्येष्ठ वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या खेळाच्या स्वरूपात दडलेले आहे.

‘द एल्डर स्क्रोल्स’ ही एका काल्पनिक जगातील खेळांची मालिका. ‘टॅम्रिएल’ नावाचे एक खंड, त्यातील निरनिराळे प्रांत, तेथील राजे, देवता, भाषा आणि इतिहास असा तिचा विस्तार आहे. पहिला भाग १९९४ मध्ये, दुसरा १९९६ मध्ये आला. पुढे २००२ मध्ये ‘मॉरोविंड’, २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आणि ११ नोव्हेंबर २०११ रोजी ‘स्कायरिम’ असे भाग प्रसिद्ध झाले. यांत खेळणारा केवळ प्रेक्षक राहत नाही. तो स्वतःच कथेतील एक पात्र होतो. ‘स्कायरिम’मध्ये हिमाच्छादित उत्तर प्रांतात पुन्हा अवतरलेल्या ड्रॅगनांशी त्याला झुंजायचे असते. परंतु ती मोहीम बाजूला ठेवून तो खुशाल रानावनांत भटकू शकतो, लोहारकाम शिकू शकतो, वनस्पतींपासून औषधे बनवू शकतो, घर घेऊन संसारही थाटू शकतो. कोणती वाट धरायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. या मोकळेपणामुळेच हा खेळ एकदा संपवून बाजूला ठेवावा असा राहिला नाही. २०२३ पर्यंत त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीकडून सांगण्यात आले.

मग इतके यश पदरी असताना पुढचा भाग रखडला का? व्यवहाराच्या दृष्टीने पाहता कारणे उघड आहेत. ‘स्कायरिम’ सुमारे शंभर जणांच्या चमूने घडवला. त्याच संस्थेच्या ‘स्टारफील्ड’ या अंतराळविषयक खेळासाठी चारशेहून अधिक माणसे राबली. प्रत्येक नवा खेळ आधीच्यापेक्षा विशाल हवा, अशी अपेक्षा ग्राहकांचीच. साहजिकच खर्च वाढतो आणि वर्षेही वाढतात. ‘स्कायरिम’नंतर या चमूने २०१५ मध्ये ‘फॉलआउट ४’, २०१८ मध्ये ‘फॉलआउट ७६’ आणि २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ प्रसिद्ध केले. दरम्यान २०२१ मध्ये बेथेस्डाची मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर्सच्या व्यवहारात ताब्यात घेतली. ज्याचे नाव २०१८ मध्येच घोषित झाले होते, त्या सहाव्या भागाची पाळी या रांगेत सर्वांत शेवटी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने सांगितले, की पूर्वतयारी संपून प्रत्यक्ष निर्मिती आता सुरुवातीच्या टप्प्यात आहे. घोषणेला तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती. ही घोषणा जरा कमी गाजावाजा करून केली असती तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार निर्मितिप्रमुख टॉड हॉवर्ड यांनीही पुढे काढले.

मुदत ठेवीच्या पावतीवर परतफेडीची तारीख लिहिलेली असते, म्हणून ठेवीदार निश्चिंत असतो. येथे मात्र पावती हाती पडली, तारखेचा रकाना कोराच राहिला. अशा वेळी माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण चिडतात. कंपनीने कोणतीही बातमी दिली, की खाली ‘सहावा भाग कुठे आहे?’ हाच प्रश्न उमटतो. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने एका नकाशावर मेणबत्त्या ठेवलेले छायाचित्र प्रसिद्ध केले, तर त्या मेणबत्त्यांच्या जागेवरून नवा खेळ ‘हॅमरफेल’ या वाळवंटी प्रांतात घडणार, असे तर्क चाहत्यांनी लढवले.

दुसऱ्या प्रकारची माणसे कामाला लागतात. १९९५ पासून चालत आलेला एक ज्ञानकोश या मालिकेचा खेडोपाडीचा तपशील नोंदवून ठेवतो, आणि तो चाहत्यांनीच उभारला आहे. ‘टॅम्रिएल रिबिल्ट’ नावाचा उपक्रम तर दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. ‘मॉरोविंड’मध्ये त्या प्रांताचे केवळ एक बेटच साकारले होते, उरलेली मुख्य भूमी स्वयंसेवक गावागावाने, विनामोबदला घडवीत आहेत. सुरुवात करणाऱ्यांपैकी अनेक जण दूर झाले, नवे आले, काम थांबले नाही.

परंतु या प्रतीक्षेचा खरा अर्थ जिच्यामुळे जगाला उमगला, ती व्यक्ती तरुण नाही. शर्ली करी यांचा जन्म १९३६ चा. मुलाने त्यांना संगणकावरील खेळ शिकवले. २०१५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या ‘स्कायरिम’ खेळतानाच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकू लागल्या. प्रेक्षकांना त्या ‘नातवंडांनो’ अशी हाक मारीत आणि वाटेतल्या फुलांविषयी, सशांविषयी गोष्टी रचीत संथपणे खेळत. बघता बघता त्या ‘स्कायरिम आजी’ म्हणून जगभर ओळखल्या जाऊ लागल्या.

सहाव्या भागाची घोषणा झाली तेव्हा त्यांचे वय ८२ होते. तो येईपर्यंत आपण असू की नाही, अशी शंका त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवली. तिशीतल्या चाहत्यासाठी आठ-दहा वर्षांचा विलंब म्हणजे वैताग. ऐंशी ओलांडलेल्यांसाठी तो आयुष्याचा हिशेब असतो. हे उमगून हजारो चाहत्यांनी एका विनंतिअर्जावर सह्या केल्या : आजी खेळू शकोत वा न शकोत, त्यांना खेळातच स्थान द्यावे. २०१९ मध्ये कंपनीने ते मान्य केले. सहाव्या भागात शर्ली करी यांच्यावर बेतलेले एक पात्र असणार आहे. पुढे वयाच्या ८८ व्या वर्षी आजींनी खेळाच्या चित्रफिती बनवणे थांबवले. खेळ तोवरही आलेला नव्हता.

असेच आणखी एक उदाहरण २०२५ मधले. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ या संस्थेसाठी कंपनीने सहाव्या भागातील एक पात्र घडवण्याची संधी लिलावात ठेवली. अखेरची बोली ८५ हजार डॉलर्सपलीकडे गेली. बोली लावणाऱ्यांत चाहत्यांचे काही गट होते. आपल्या दिवंगत सहकाऱ्याची स्मृती त्या जगात राहावी, म्हणून त्यांनी वर्गणी काढली होती.

खेळ कधी येईल आणि अपेक्षांना उतरेल की नाही, हे काळ ठरवील. वचन देणाऱ्याला मात्र यातून एक गोष्ट शिकता येते. छत्तीस सेकंदांत दिलेल्या शब्दाचे ओझे ऐकणारे वर्षानुवर्षे वाहत असतात, आणि त्या सर्वांपाशी सारखीच वर्षे शिल्लक नसतात. वाट पाहणाऱ्यांपैकी ज्यांना हे कळले, त्यांनी तक्रारीचा सूर सोडून एका वृद्धेसाठी जागा मागितली. पुढचा भाग अजून यायचा आहे. तिची जागा तेवढी आधीच राखून ठेवलेली आहे.