समजणे आणि येणे : वैमानिकांच्या शिक्षणातून मोबाइलवरच्या अभ्यासाकडे

मराठीत ‘समजणे’ आणि ‘येणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पोहणे काठावर बसून समजते, पण येत नाही. अकोटमध्ये शिक्षणशास्त्र शिकवताना हा भेद मला २०२० पासून फार ठळकपणे दिसू लागला आहे. त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाइलवरचा अभ्यास टिकला. आज सातपुड्याच्या पायथ्याशी, पोपटखेडकडे राहणारा मुलगाही नीटची किंवा पोलीस भरतीची तयारी मोठ्या शहरातल्या शिक्षकांकडून करू शकतो. ही सोय लहान नाही. मात्र दीडपट वेगाने तीन तास व्हिडिओ पाहून ‘सगळं समजलं’ म्हणणारा विद्यार्थी कोऱ्या कागदापुढे अडतो, तेव्हा घरच्यांचा पैसा आणि त्याचे एक वर्ष पणाला लागलेले असते.

समजणे आणि येणे यांतले अंतर कसे कापायचे, याचा कसून विचार लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षणात झाला. तिथे हे अंतर राहिले तर जीव जातो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात जाणारे आपले छात्र पुढे हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत उड्डाण शिकतात. वऱ्हाडालाही हा विषय आता परका नाही. अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. ती संस्था नागरी असली, तरी शिकवण्याच्या अनेक पद्धती लष्करी अनुभवातूनच आल्या आहेत.

त्याची सुरुवात वाद्यांच्या कारखान्यात झाली. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा व्यवसाय होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच डुलणारे, वळणारे एक खोटे विमान बनवले. सुरुवातीला लष्कराने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले. रात्री आणि खराब हवेत केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांत अनेक वैमानिक मरण पावले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशाच यंत्रांवर लाखो वैमानिकांनी सराव केला.

या यंत्राचा उपयोग केवळ ते विमानासारखे हलते म्हणून नव्हता. शिकणारा त्यात स्वतः कृती करत होता, चुकत होता आणि चूक लगेच कळत होती. महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गान्ये यांनी १९६२ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. नुसती घोकंपट्टी किंवा नुसता सराव पुरत नाही, आधी कामाचे घटक पाडावे लागतात. कोणत्या घटकावाचून पुढचा अडतो, हे पाहून क्रम लावावा लागतो. आजचे अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांच्याच मांडणीवर बेतलेले असतात.

मग महागडे यंत्र हवेच का? १९७० मध्ये प्रॉफेट आणि बॉइड यांनी अमेरिकी लष्करासाठी हे तपासले. कॉकपिटमधली बटणे आणि कळा योग्य क्रमाने हाताळण्याचा सराव एका गटाने महाग यंत्रावर केला, दुसऱ्याने प्लायवूड आणि छायाचित्रे यांच्या स्वस्त प्रतिकृतीवर. प्रत्यक्ष विमानात दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले. आमच्यासारख्या गावाला यातून मोठा दिलासा मिळतो. फोन किती महाग, व्हिडिओ किती देखणा, यापेक्षा विद्यार्थी त्यापुढे काय करतो याला महत्त्व आहे.

पण विद्यार्थ्याला हे आपणहून का कळत नाही? रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा वारंवार वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तरी अधिक आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडले आणि लाँगमन यांनाही १९७८ मध्ये असेच दिसले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण सर्वांत कमी तास लागले, पण दिवस जास्त लागल्याने सर्वांत नाराजही तेच होते. ज्या पद्धतीने खरोखर येते, ती शिकताना जड वाटते. जी सोपी वाटते, ती समजल्याचा भास देते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवा, वही मिटा आणि आठवेल ते लिहा. लगेच पडताळा. चूक कोणत्या पायरीवर झाली, ते समासात नोंदवा. वैमानिकही उड्डाणानंतर शिक्षकासमोर बसून हेच करतात. तोच भाग दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा लिहा. व्हर्नियर कॅलिपरचे वाचन जाड कागदाच्या दोन पट्ट्यांवर खुणा करूनही शिकता येते. तीच आपली प्लायवूडची प्रतिकृती.

या उपायालाही मर्यादा आहे. प्लायवूडवर क्रम पक्का होतो, विमान उतरवण्याचा हात बसत नाही. त्यासाठी विमान आणि शेजारी शिक्षक लागतोच. तसेच ब्युरेटची तोटी नेमकी कधी बंद करायची, हे प्रयोगशाळेतच येते. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळेचे कुलूप उघडे राहणे म्हणूनच ऑनलाइन शिक्षणाच्या काळातही तितकेच गरजेचे आहे. पालकांनीही संध्याकाळी ‘किती व्हिडिओ झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज न बघता काय लिहिता आलं?’ असे विचारावे. या प्रश्नाला खर्च काहीच नाही.