जुना मालवाहू टेम्पो घेण्यापूर्वी करावयाची तपासणी

भाजीपाला, दूध, फुले यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोहोचावा, म्हणून अनेक शेतकरी स्वतःचा छोटा मालवाहू टेम्पो बाळगू लागले आहेत. २००५ साली बाजारात आलेल्या आणि पुढे ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित झालेल्या टाटा एससारख्या वाहनांमुळे ही सोय पुष्कळांच्या आवाक्यात आली. नवे वाहन परवडत नसल्यास जुने घेतले जाते व त्यात गैर काहीच नाही. तथापि, बैल घेताना दात, खूर आणि चाल पारखणारा शेतकरी टेम्पो घेताना मात्र वरचा रंग व इंजिनाचा आवाज एवढ्यावरच सौदा पक्का करतो. असे वाहन योग्यता तपासणीत नापास झाले, म्हणजे ऐन हंगामात ते दाराशी उभे राहते आणि तोडलेला माल बांधावर सुकून जातो.

तपासणी का आवश्यक आहे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये, मालवाहू वाहनास विधिग्राह्य योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणी वैध मानली जात नाही. मालासह एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनांना परमिट लागत नाही. त्यावरून तपासणीही माफ आहे, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. जुने वाहन घेणाऱ्यास हा प्रसंग लवकरच येतो, हे त्याने प्रथम ध्यानात घ्यावे.

अल्प खर्चात दूर होणारे दोष

बंद पडलेला दिवा, न वाजणारा भोंगा, फुटलेला आरसा, झिजलेला वायपर अशा किरकोळ कारणांनीही वाहन परत पाठविले जाते. मालवाहू वाहनास पुढे पांढरी, मागे लाल व दोन्ही बाजूंस पिवळी परावर्तक पट्टी असावी लागते. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. हे दोष थोडक्या खर्चात व एक-दोन दिवसांत दूर होतात. त्यांच्यासाठी चांगले वाहन नाकारण्याचे कारण नाही. किंमत ठरविताना तो खर्च वजा करावा, एवढेच.

महागात पडणारे दोष

खरी काळजी घ्यावयाची ती पुढील दोषांची. मोकळ्या, सपाट मैदानावर वाहन हळू चालवून ब्रेक दाबावा. ते एका बाजूस ओढले गेल्यास चारही चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत, असे समजावे. पुढचे चाक जॅकवर उचलून, जॅकखाली पक्का आधार देऊन, वरखाली हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग अथवा सांधे झिजलेले असतात. टायर एकाच कडेला झिजला असेल, तर चाकांची जुळणी बिघडलेली असण्याचा संभव असतो.

त्यानंतर वाहनाखाली वाकून चेसीस न्याहाळावी. खतांचे क्षार, ओल्या भाजीचे पाणी व समुद्रकाठची खारी हवा यांमुळे लोखंड पोखरते. गंजावर नुकताच रंग फासला असल्यास तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर तो सौदा सोडलेलाच बरा. तडा जाऊन डागलेली चेसीस व चपटे झालेले पाटे ही अतिभाराची खूण होय.

धुरावरूनही पुष्कळ कळते. इंजिन तापल्यावर निळसर धूर येत राहिल्यास ते ऑइल जाळते. दाट काळा धूर असल्यास इंधन नीट जळत नाही. ऑइलला दुधाळ चहासारखा रंग आला असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. अशा इंजिनाची दुरुस्ती फार खर्चाची ठरते.

भाराचा हिशेब

पुस्तकात नोंदलेल्या एकूण वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करावे. समजा, ७५० किलोग्रॅम उरले. त्यातून चालक व सोबत्याचे १२५ किलोग्रॅम वजा जाता ६२५ किलोग्रॅम राहतात. म्हणजे ५० किलोग्रॅमची कांद्याची १२ पोती. त्याच वाहनात २० पोती भरल्यास एक खेप वाचल्यासारखे वाटते, परंतु पाटे, ब्रेक व टायर यांचे आयुष्य घटते आणि उतारावर वाहन आवरणे कठीण होते. वाहनाची विश्वासार्हता त्याच्या वयापेक्षा त्याने वाहिलेल्या भारावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून पूर्वीचा मालक वाळू, विटा वाहत होता की दूध, याची चौकशी अवश्य करावी.

कागदपत्रे व व्यवहार

सातबाऱ्यावरील बोजा पाहिल्यावाचून कोणी जमीन घेत नाही. तद्वतच नोंदणी पुस्तकावर कर्जाची नोंद आहे काय, हे पाहावे. चेसीस व इंजिनावरील क्रमांक पुस्तकाशी ताडून घ्यावेत. विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र चालू असावे. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या घेऊन, खरेदीपासून ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर नोंद होण्यासाठी अर्ज करावा.

योग्यता प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवशीच्या स्थितीचे असते, पुढील वर्षाची हमी नव्हे. तरीही त्याची मुदत संपत आली असल्यास नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यावे, असे लेखी ठरवून तोवर किमतीचा काही भाग राखून ठेवणे हितावह आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा खरेदीच्या वेळी वरील बाबी शेतकऱ्यास वाचून दाखवाव्यात आणि गावातील अनुभवी मिस्त्रीस सोबत नेण्याचा सल्ला द्यावा. मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही कमीच पडेल.