मंदी आली की माळ्यावरची कॉमिक्स खाली उतरतात

२०१० साली अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या घरावर बँकेची जप्ती यायच्या बेतात होती. सामानाची बांधाबांध करताना तळघरातल्या खोक्यात जुनी कॉमिक्स सापडली आणि त्यांत १९३८ सालचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो हा अंक. न्यूयॉर्कच्या ‘कॉमिककनेक्ट’ने तो लिलावात ४ लाख ३६ हजार डॉलरना विकला आणि घर वाचलं. गोष्ट खरी आहे. अडचण एवढीच, की दर मंदीत ती नव्याने फिरते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याही खोक्यात असंच काहीतरी असणार. एरवी हिशेबाला पक्की असलेली माणसंही या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबतात.

गैरसमज : जुनी कॉमिक्स मंदीला दाद देत नाहीत

हे म्हणणाऱ्यांकडे आकडे असतात, आणि ते खोटे नसतात. अमेरिकेतली मोठी मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी चालली. मार्च २००९ मध्ये शेअर बाजाराने तळ गाठला. त्याच महिन्यात ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाची एक प्रत ३ लाख १७ हजार २०० डॉलरना गेली. विकणाऱ्याने ती १९५० च्या दशकात जुन्या वस्तूंच्या दुकानातून ३५ सेंटला घेतली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच अंकाच्या दुसऱ्या एका प्रतीने १० लाख डॉलरचा टप्पा गाठला. कॉमिक्सच्या व्यवहारात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याच आठवड्यात बॅटमॅनचं पदार्पण असलेला ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २७ वा अंक १० लाख ७५ हजार ५०० ला विकला गेला, आणि मार्चमध्ये ‘ॲक्शन’ची आणखी एक प्रत १५ लाखांवर पोहोचली. बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास असताना!

पण ‘ॲक्शन’च्या या तिन्ही प्रती वेगवेगळ्या दर्जाच्या होत्या. एकाच वस्तूचा भाव चढत गेला, असा त्यांचा अर्थ लावता येत नाही. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाच्या जगात शंभरेक प्रती उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. अशी वस्तू घेणारा माणूस हप्त्यावर घर घेणारा नसतो. घरांचे आणि शेअरचे भाव पडलेले, बँकेत व्याज जवळपास शून्य, तेव्हा त्याला पैसे ठेवायला जागा हवी होती. त्याच वर्षांत नोकरी गेलेला संग्राहक खोकी घेऊन दुकानात येत होता आणि दुकानदाराकडेही रोख नव्हती. आणणारे वाढले, नेणारे घटले. वर्तमानपत्रात बातमी पहिल्याची आली.

शिवाय हा बाजार देशाच्या मंदी-तेजीच्या तालावर चालतो, हेही फारसं खरं नाही. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे ‘डायमंड’ या मुख्य वितरकाने नव्या अंकांची पाठवणी कित्येक आठवडे थांबवली, तेव्हा धंदा बसला असंच सगळ्यांना वाटलं. झालं उलट. घरी बसलेले लोक, सरकारी मदतीचे चेक, खर्चायला दुसरी जागा नाही. भाव भराभर चढले. सप्टेंबर २०२१ मध्ये स्पायडरमॅनचा पहिला अवतार असलेला ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक ३६ लाख डॉलरवर गेला. मग २०२२ मध्ये व्याजदर वाढू लागले आणि मधल्या फळीतल्या अंकांचे भाव घसरले. तेव्हा अमेरिकेत अधिकृत मंदी जाहीरही झाली नव्हती. लोकांच्या खिशात मोकळा पैसा किती, हे पाहावं. अर्थतज्ज्ञ त्या काळाला काय नाव देतात, यावर हा बाजार चालत नाही.

गैरसमज : जपून ठेवलं की किंमत येतेच

या समजुतीने सगळ्यांत जास्त लोक बुडाले आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

१९३८ साली १० सेंटचा तो अंक सुमारे २ लाख छापला गेला होता. मुलं वाचत, घडी घालून खिशात कोंबत, मित्राला देत. मग दुसरं महायुद्ध आलं आणि युद्धासाठी रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या. गठ्ठेच्या गठ्ठे त्यात गेले. १९४० च्या दशकाच्या अखेरीला कॉमिक्स मुलांना बिघडवतात अशी ओरड झाली आणि काही गावांत त्यांच्या होळ्या झाल्या. उरलेलं आयांनी माळे साफ करताना फेकलं. ज्यांनी फेकलं नाही त्यांची उदाहरणं म्हणूनच बातमी होतात : नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ कॉमिक्सचा १९३९ चा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरना विकला गेला, तो तीन भावांना दिवंगत आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता.

आता १९९० चं दशक पाहा. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक निघाला, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. पाचही हवीत म्हणून एकाच माणसाने पाच-पाच घेतले. खप ८० लाखांच्या वर गेला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत शोक पाळायची दंडाला बांधायची पट्टी. दुकानांबाहेर रांगा लागल्या. हाही लाखांनी, सुमारे ६० लाख, खपला. आणि बहुतेकांनी तो पिशवीतून बाहेरच काढला नाही, मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून कपाटात ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. त्यामुळे आजही तो कोऱ्या स्थितीत हवा तेवढा मिळतो, आणि ‘एक्स-मेन’चा तो अंक दुकानातल्या डॉलर-दोन डॉलरच्या खोक्यात सापडतो. सुपरमॅन तर वर्षभरात जिवंतही झाला.

१९९३ पासून तो फुगा फुटत गेला. कॉमिक्सची हजारो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. ही सगळी वर्षं अमेरिकन अर्थव्यवस्थेच्या वाढीची होती. कॉमिक्सच्या बाजाराची आधुनिक काळातली सर्वांत मोठी पडझड भर तेजीत झाली, हे मंदीची भीती घालणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं.

तेव्हा वय पाहू नका. किती छापले, किती उरले आणि किती जणांना ते अजून हवे आहेत, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. १९७४ चा ‘इनक्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक दुर्मीळ नाही, हजारोंनी प्रती आहेत, पण वुल्व्हरिनचं पूर्ण पदार्पण त्यात असल्यामुळे गिऱ्हाईक कधी तुटत नाही. पडत्या काळात त्याचा भावही खाली येतो, पण खाली आलेल्या भावाला तो विकला जातो. त्याच वर्षातले दुसरे शेकडो अंक कुठल्याच भावाला जात नाहीत.

गैरसमज : पुस्तकात छापलेला भाव आपल्याला मिळतो

रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची भावदर्शिका १९७० पासून निघते आणि तिचा मान मोठा आहे. पण तिच्यातला भाव हा साधारणपणे दुकानातून गिऱ्हाईक घेईल तो भाव. सोन्याची बांगडी मोडायला नेली तर सराफ ती तोलून त्याच दिवशी पैसे देतो. कॉमिक्सला असा सराफ नाही. दुकानदार स्वतः घेतो तेव्हा भाडं, वर्षभर पडून राहायची शक्यता आणि नफा वजा करून घेतो. चालणारा अंक नसेल, तर निम्म्याहून कमी रक्कम सांगितली म्हणजे तो लुबाडतोच आहे असं नाही. मंदीत तो आणखी खाली येतो, कारण त्याच दिवशी त्याच्याकडे आणखी चौघे तेच अंक घेऊन आलेले असतात.

लिलावाच्या आकड्यांचंही तसंच. वर सांगितलेल्या ‘डिटेक्टिव्ह २७’ची बोली प्रत्यक्षात ९ लाखांवर थांबली होती. बाकीचे १ लाख ७५ हजार ५०० म्हणजे खरेदीदाराने लिलाव कंपनीला वर दिलेले साडेएकोणीस टक्के. बातमीत एकच मोठा आकडा येतो. विकणाऱ्याच्या खात्यात तो जात नाही. शिवाय अंक पाठवण्यापासून पैसे हाती येईपर्यंत काही महिने जातात. ज्याला पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा आहे, त्याने हा हिशेब आधी करावा. ऑनलाइन स्वतः विकलं तर संकेतस्थळाचं शुल्क, पाठवणी आणि विमा जातो. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : वर्षाहून जास्त बाळगलेल्या अशा संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर अमेरिकेचा केंद्रीय कर कमाल २८ टक्क्यांपर्यंत लागतो, शेअरच्या नफ्यापेक्षा जास्त.

गैरसमज : डबीबंद केलं की भाव दुप्पट

फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी २००० पासून कॉमिक्स तपासून ०.५ ते १० असा दर्जा देते आणि अंक कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करते. महागड्या अंकासाठी हे हवंच. न पाहता घेणाऱ्याला त्याने भरवसा येतो. दहा डॉलरच्या अंकासाठी मात्र तपासणीचा खर्चच किमतीहून जास्त होतो. आणि रंग भरून, फाटकं पान जोडून सजवलेल्या अंकाला जांभळं लेबल लागतं, त्याने भाव चांगलाच उतरतो. घरच्या घरी डाग पुसू नका.

गैरसमज : मंदी म्हणजे स्वस्तात घ्यायची वेळ

ज्याच्याकडे रोख आहे आणि घाई नाही, त्याच्यासाठी हे बरंचसं खरं आहे. पण घाईने विकणाऱ्यांबरोबर फसवणारेही बाजारात उतरतात. १९७४ मध्ये डीसी कंपनीने ‘ॲक्शन’चा पहिला अंक मोठ्या आकारात पुन्हा छापला होता, बाहेरून वेगळं मुखपृष्ठ घालून. ते बाहेरचं मुखपृष्ठ काढून टाकलं की आत जुन्यासारखाच अंक दिसतो. तो मुळापेक्षा खूपच मोठा आहे, फूटपट्टी लावली की कळतं. तरी लोक फसत आले आहेत. ‘हल्क १८१’ घेताना आतलं छोटं तिकीट जागेवर आहे का पाहा. त्या काळी मुलं ती कापून वहीत चिकटवत, आणि तिकीट नसलेल्या प्रतीची किंमत बरीच कमी होते. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा बाजूला ठेवा, अलीकडे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहा. एखाद्या पात्राचा नवा चित्रपट जाहीर झाला की त्याच्या अंकांचे भाव उसळतात, त्या आठवड्यात तर काहीच घेऊ नका.

आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्सबद्दल अलीकडे अशीच स्वप्नं ऐकू येतात. टाइम्स समूहाने १९६४ ते १९९० या काळात काढलेल्या या मालिकेतला वेताळ मराठीतूनही घरोघरी पोहोचला, आणि पहिल्या वर्षांचे अंक आता सहज मिळत नाहीत, हे खरं. पण इथे अमेरिकेसारखी दर्जा ठरवणारी यंत्रणा नाही, लिलावांची नोंद नाही. घेणारे थोडे, बहुधा एकमेकांना ओळखणारे, आणि लहानपणी वाचलेलं परत हवं म्हणून घेणारे. त्यांच्या खिशाला चाट बसली की व्यवहार थांबतात. अशा बाजारात गरजेपोटी एकगठ्ठा विकायला काढलं तर रद्दीच्या भावाच्या थोडं वर काहीतरी हाती येतं. घरात असे अंक असतील तर एकेक करून, ओळखीच्या संग्राहकाला, त्याला हवा तो क्रमांक विचारून विका. आणि कृपा करून ते शिवून, कडा कापून बाइंडिंग करू नका, सेलोटेप लावू नका. वाचनालयांनी ते करून आधीच पुष्कळ अंक वाया घालवले आहेत.