‘मला भीती वाटते’ : बालकाच्या निजतानाच्या भीतीचे भाषिक रूप

कर्ता आणि क्रियापद यांचा संबंध आपण मागील पाठात अभ्यासला. तोच विचार आता घरातील एका नित्याच्या प्रसंगाला लावून पाहू.

प्रसंग

पेणच्या गणपती कारखान्यांतील रंग न दिलेल्या मूर्ती चार वर्षांचे मूल दिवसा कौतुकाने पाहते. रात्री वीज गेली की शेजारच्या खिडकीतून त्याच मूर्ती त्याला उभ्या माणसांसारख्या दिसतात. रोह्यात वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला गेलेले असतात. पागोळ्यांचा आवाज मुलाला पावलांसारखा ऐकू येतो. दोन्ही घरांत वाक्य एकच उमटते : ‘मला भीती वाटते.’

विवेचन

या वाक्यात क्रियापद ‘भीती’नुसार चालते. मुलगा बोलो वा मुलगी, ‘मला भीती वाटली’ हेच रूप येते. ‘मला’ हे चतुर्थ्यन्त पद केवळ अनुभव घेणारा दर्शविते. भीती मूल करीत नाही; ती त्याला वाटते. आपण मात्र ‘घाबरू नकोस’ असे आज्ञार्थी उत्तर देतो आणि मुलाला कर्ता ठरवितो. जे त्याच्या हाती नाही, ते थांबविण्याची आज्ञा त्याला पाळता येत नाही. मग भीतीत अपराधीपणाची भर पडते.

‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे वाक्य अधिक घातक होय. ‘येईल’ हा भविष्यकाळ अंधारात खोटा ठरविता येत नाही. ‘मी बागुलबुवाला हाकलले’ हे सांत्वनही तो खरोखरच होता, हे गृहीत धरते.

उपयोजन

प्रथम मुलाचेच वाक्य स्वीकारावे : ‘तुला भीती वाटते आहे. कशाची?’ भीतीला नाव मिळाले की तिला आकार येतो. दिवा लावून दोरीवरचा सदरा दाखवावा. पागोळ्या कशा पडतात, ते सकाळी पाहू द्यावे. निजण्याचा क्रम रोज एकच ठेवावा, मंद दिवा असू द्यावा. ‘मी शेजारच्या खोलीत आहे, थोड्या वेळाने येऊन पाहीन’ असे सांगावे आणि खरोखरच येऊन पाहावे. मात्र भीतीमुळे झोप, जेवण वा शाळा दीर्घकाळ बिघडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी ‘विचार आणि भाषा’ या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, इतरांशी होणारे बोलणेच पुढे बालकाचे अंतर्गत भाषण बनते. आज आपण उशाशी बसून जे बोलतो, तेच मूल उद्या अंधारात स्वतःशी बोलेल.

स्वाध्याय

आपल्या घरात निजताना मुलांना उद्देशून बोलली जाणारी पाच वाक्ये आपल्या बोलीतच लिहा. प्रत्येकात कर्ता कोण आणि काय गृहीत धरले आहे, ते सांगा. त्यांपैकी कोणते वाक्य आपण आज रात्री बदलाल?