ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंग का नको?



नाताळनंतर तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. वाई तालुक्यातल्या कातकरी वाडीवरची आपली मुलगी, जिच्या शिक्षणाला तुम्ही इतकी वर्षे हातभार लावलात, ती आज मिरजेत एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आधी जीएनएम, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. झाली. आता तिला नर्सिंग कॉलेजात शिकवायचे आहे. मग नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.एस्सी. का करू नये? अमेरिकेत राहणाऱ्या एका भगिनीने तर तिथल्या विद्यापीठाची माहितीच पाठवली आणि फी भरण्याची तयारीही दाखवली.

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः थिऑलॉजीचा डिप्लोमा टपालाने येणाऱ्या धड्यांवर, वाड्यांवरचे काम करत, रात्री कंदिलाजवळ बसून केला. त्यामुळे घरबसल्या शिकण्याला मी नाक मुरडणार नाही. उलट, गेल्या जूनमध्ये ती मुलगी मोबाइलवरची जाहिरात घेऊन आली तेव्हा मला आनंदच झाला. हजेरी नाही, दोन वर्षांत पदवी, हप्त्याने फी. नावनोंदणीचे पाच हजार तिने आधीच भरले होते. उरलेल्या रकमेचा ठराव आम्ही समितीपुढे ठेवणार होतो.

सहज म्हणून मी नर्सिंग शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, पैसे देण्याआधी एवढेच विचारा, की या पदवीची नोंद नर्सिंग कौन्सिलकडे होणार का?" आम्ही विचारले. आधी परराज्यातल्या एका विद्यापीठाचे नाव सांगितले गेले, मग उद्या सांगतो म्हणाले, मग फोन उचलणेच बंद झाले. पाच हजार गेले ते गेलेच. ते तिच्या पगारातले होते, याचे मला जास्त वाईट वाटते.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये नियम केले. कोणते विषय या पद्धतीने शिकवता येणार नाहीत, त्यांची यादी त्यात आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी यांच्याबरोबर नर्सिंगही त्या यादीत आहे. भारतीय नर्सिंग परिषदेची एम.एस्सी. ही दोन वर्षांची, पूर्णवेळ, कॉलेज आणि रुग्णालयात हजर राहून करायची पदवी आहे. इग्नूमधून पोस्ट बेसिक केलेल्या सिस्टर तुमच्या ओळखीच्या असतील. पण तो पदवीचा अभ्यासक्रम, आणि त्यातही केंद्रावर जाऊन प्रात्यक्षिके करावी लागतात.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. अमेरिकेत 'नर्सिंग एज्युकेशन' या नावाची स्वतंत्र मास्टर्स पदवी असते. आपल्याकडे ती तशी नाही. आपल्या एम.एस्सी.त पाचपैकी एक विशेष शाखा घ्यायची असते: मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य. नर्सिंग शिक्षण हा विषय पहिल्या वर्षी सर्वांनाच असतो. पाठाचे नियोजन, परीक्षा कशी घ्यायची, हे त्यात येते आणि प्रत्यक्ष पाठही घ्यावे लागतात. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन आणि प्रबंध.

प्रत्यक्ष पाठ म्हणजे काय, ते मी एकदा वॉर्डात उभी राहून पाहिले. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी एका म्हाताऱ्या आजींना सलाइन लावत होती, हात थरथरत होता. शिकवणाऱ्या सिस्टरांनी सुई हातातून काढून घेतली नाही. तिच्या मनगटाखाली फक्त आपला हात धरला आणि आजींशी गप्पा सुरू केल्या. ही रीत इथे जुनी आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि त्यापाठोपाठ तिथे परिचारिका घडू लागल्या, त्या खाटेजवळ उभ्या राहूनच.

अमेरिकेतल्या त्या भगिनीला मी हे सविस्तर कळवले आहे. तिने पाठवलेली पदवी खोटी नाही. तिथले लायसन असलेल्या नर्सेस अशा पदव्या रीतसर करतात, आणि प्रात्यक्षिक आपल्या गावाजवळच्या रुग्णालयात करतात. तिथे त्यांचा उपयोगही आहे. पण आपल्या मुलीला शिकवायचे आहे ते सातारा-सांगलीत, आणि इथे नेमणूक होताना मान्य एम.एस्सी.च पाहिली जाते. कऱ्हाडला आणि सांगलीत नर्सिंगची मोठी महाविद्यालये आहेत, तेव्हा तिला फार लांब जावे लागणार नाही.

प्रवेशासाठी पदवीला 55 टक्के गुण आणि वर्षभराचा अनुभव लागतो. तिच्याकडे दोन्ही आहे. फीचीही मला फारशी धास्ती नाही. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. कोळशाच्या भट्ट्यांमागे रानोरान फिरलेल्या कातकऱ्यांकडे तो कुठून असणार? तिच्या आजोबांच्या नावाचा एक महसुली कागद सापडला, म्हणून तिचे काम पोस्ट बेसिकच्या वेळीच झाले. तिच्या मागून येणाऱ्या दोन मुलींचे अजून अडले आहे.

खरी अडचण मला तिच्या आईने सांगितली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, पोरगी शिकंल ओ, पन दोन वरीस आमी काय खायचं?" मुलीचा पगार सुरू झाल्यापासून या घराने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली नाही. धाकटे दोघे भाऊ वर्षभर एकाच शाळेत टिकले, ते त्यामुळेच. पगार थांबला की दिवाळीनंतर घराला कुलूप, आणि पोरांची शाळाही गेली. ऑनलाइनची जाहिरात तिला का आवडली होती, ते मला त्या दिवशी कळले. मी तिला उगाच भोळी समजत होते.

म्हणून या वेळी तुमच्याकडे मागणे वेगळे आहे. फी नको. चोवीस महिने तिच्या घरी दरमहा आठ हजार रुपये पोहोचावेत, असा ठराव समितीने केला आहे. चार कुटुंबांनी मिळून एक महिना उचलला तरी चालेल. आई ही रक्कम मुलांच्या शाळेची हजेरी दाखवून घेणार आहे. ही अट आम्ही घातलेली नाही, तिनेच सुचवली.

प्रार्थनेत तिच्या प्रवेशाची आणि त्या दोन मुलींच्या दाखल्यांची आठवण ठेवा. देणगी पाठवताना चिठ्ठीवर 'घरखर्च' असे लिहा, म्हणजे खजिनदार ती शिक्षणनिधीत टाकणार नाहीत.