मुदत संपल्यानंतरची वर्षं मोजायची की नाही?

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोचा ‘क्रिटो’ वाचला. तुरुंगात बसलेल्या सॉक्रेटिसला त्याचा मित्र पळून जायचा आग्रह करतो, आणि सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्यांनाच बोलतं करतो. कायदे त्याला म्हणतात, बाबा रे, सत्तर वर्षं तू इथं राहिलास. जायची मोकळीक होती, गेला नाहीस. म्हणजे तू आम्हांला मान्यता दिलीस. आता शिक्षा झाल्यावर करार मोडतोस काय?

व्याख्यान संपलं आणि एका गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यांच्या परवानगीनं तिचा आशय सांगतो. त्यांचा धाकटा भाऊ बायकोला घेऊन १९९३ साली टूरिस्ट व्हिसावर अमेरिकेत गेला. सहा महिन्यांची मुदत होती. परत आलाच नाही. अठ्ठावीस वर्षांनी तो तिथला नागरिक झाला. गृहस्थांचा मुलगा मात्र रीतसर नोकरीच्या व्हिसावर गेला, एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि बारा वर्षं झाली तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. ‘तुमच्या सॉक्रेटिसचे कायदे यावर काय म्हणतील?’ असा प्रश्न होता. खाली आणखी एक ओळ होती, तिच्याकडे मी शेवटी येतो.

आता बघा, आधी हे घडलं कसं ते समजून घेऊ. आपल्याकडे समज असा, की पुष्कळ वर्षं लपूनछपून राहिलं की तिथलं सरकार कंटाळून नागरिकत्व देऊन टाकतं. तसं काही नाही. (हा वकिली सल्ला नव्हे, कुणाचं प्रकरण असेल तर त्यानं वकिलाकडेच जावं.) व्हिसा हा दारापर्यंत यायचा परवाना. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, त्याची नोंद म्हणजे आय-९४. ती तारीख उलटली की माणूस बेकायदा ठरतो. पण नुसतं मुदतीपलीकडे राहणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. सीमेवरून चोरून शिरणं हा मात्र गुन्हा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या भावाला १९९४ साली तिथं मुलगी झाली. चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे, म्हणजे १८६८ पासूनच्या नियमाप्रमाणे, ती जन्मानं नागरिक. (या नियमाला कात्री लावणारा आदेश राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये काढला आणि तो लगेच कोर्टात गेला, पण तो पुढे जन्मणाऱ्यांविषयी आहे.) मुलगी नागरिक असली तरी आईबापांना लगेच काही मिळत नाही. मुलीला एकवीस पूर्ण व्हावी लागतात. मग ती आईबापांसाठी अर्ज करू शकते. नागरिकाचा जोडीदार, त्याची एकवीसच्या आतली अविवाहित मुलं आणि एकवीस पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईबाप, या वर्गाला तिथला कायदा एक मोठी सवलत देतो: माणूस विमानतळावर तपासणी होऊन, शिक्का मारून आत आला असेल, तर नंतरची मुदतभंगाची वर्षं आणि परवान्याशिवाय केलेली नोकरी ही ग्रीन कार्डाच्या आड येत नाहीत. मुलीला २०१५ साली एकवीस पूर्ण झाली. पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड. त्यानंतर पाच वर्षं, मग नागरिकत्वाचा अर्ज, इंग्रजीची आणि राज्यव्यवस्थेची परीक्षा, शपथ.

आधीच्या बावीसतेवीस वर्षांपैकी एकही वर्ष त्या पाचांत धरलं गेलं नाही. कायद्यानं ती वर्षं मोजली नाहीत. त्यांच्याकडे काणाडोळा केला, एवढंच.

आता सीमा ओलांडून आलेला माणूस घ्या. तीच वर्षं, तसलीच कष्टाची नोकरी, त्याच शाळेत शिकलेली, तिथंच जन्मलेली मुलगी. त्याला हा दरवाजा बंद. दंड भरून आत घेणारी एक खिडकी १९९४ साली उघडली होती, पण तिचा लाभ फक्त ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्यांच्यासाठी अर्ज दाखल झाले त्यांनाच. थोडक्यात, भावाला वाचवलं ते त्याच्या अठ्ठावीस वर्षांनी नाही. पहिल्या दिवशीच्या शिक्क्यानं वाचवलं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथं अस्वस्थ वाटायला हवं. कारण आपल्या मनात जी न्यायाची कल्पना असते ती काळाशी जोडलेली असते. जोसेफ कॅरन्स नावाचे टोरांटोचे विचारवंत आहेत. त्यांनी २००९ साली ‘बोस्टन रिव्ह्यू’त याच विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी एका ऐंशी वर्षांच्या बाईंचं उदाहरण घेतलंय. जन्म अमेरिकेतला, पण लहानपणीच आईबरोबर स्कॉटलंडला आलेल्या. सगळा जन्म तिथं गेला. म्हातारपणी पहिल्यांदाच देशाबाहेर, ऑस्ट्रेलियाला सहलीला गेल्या, अमेरिकन पासपोर्ट काढून. आणि परतल्यावर त्यांना सांगण्यात आलं, तुम्हांला इथं राहायचा हक्क नाही. कुणालाही हे ऐकून हसू येतं आणि रागही येतो. का? कॅरन्स म्हणतात, कारण माणूस जिथं राहतो तिथं तो मुळं धरतो, समाजाचा घटक होतो, आणि हे घटक होणं कागदावर अवलंबून नसतं. नियमभंग वर्षागणिक जुना होत जातो आणि मुळं खोल जात राहतात. कधीतरी तराजू कलतो.

काळानं हक्क तयार होणं ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात खासगी जमिनीवरचा दावा बारा वर्षांनी संपतो, सरकारी जमिनीवरचा तीस वर्षांनी. पण इथं एक मेख आहे. जमिनीचा ताबा उघड असावा लागतो, मालकाला दिसेल असा. मुदतीबाहेर राहणारा तर लपतो! मग त्याला हा न्याय कसा लावणार? मी बराच विचार केला यावर. पण तो खरोखर लपतो का? तो भाड्याच्या घरात राहतो, मुलीला शाळेत घालतो, आणि १९९६ पासून तर तिथलं करखातं सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना वेगळा करक्रमांक देतं, त्यावर कित्येक जण इमानेइतबारे कर भरतात. एका खात्याला तो दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. याला लपणं म्हणायचं की न बघणं?

जॉन लॉकचं मत मात्र उलट जातं, आणि ते लोक सहसा सांगत नाहीत. लॉक म्हणतो, एखाद्या राज्याच्या रस्त्यावरून चाललात तरी त्या राज्याच्या कायद्यांना तुमची मूक संमती झाली. वाचणाऱ्याला वाटतं, मग आयुष्यभर राहणारा तर पक्का सभासद! तर नाही. लॉक पुढे स्पष्ट करतो, की परदेशी माणूस जन्मभर राहिला, कायदे पाळले, तरी त्यानं तो त्या समाजाचा सभासद होत नाही. त्याला उघड वचन द्यावं लागतं. म्हणून शपथ. अथेन्सही असंच होतं. ॲरिस्टॉटल तिथं कित्येक वर्षं राहिला, शिकवलं, शाळा काढली, पण परका तो परकाच. जमीन घ्यायचाही हक्क नव्हता. क्रिटोमधले कायदे सॉक्रेटिसला ‘राहिलास म्हणजे आमचा’ म्हणतात, कारण तो जन्मानं नागरिक होता. ॲरिस्टॉटलला त्यांनी तसं म्हटलं नसतं. तेव्हा चिठ्ठीचं निम्मं उत्तर हे: सॉक्रेटिसचे कायदे तुमच्या भावाविषयी गप्पच बसतील.

सरकारं या गुंत्यातून बाहेर पडतात ती एक तारीख ठरवून. अमेरिकेनं १९२९ साली कायदा केला, की ३ जून १९२१ पूर्वीपासून जो राहतो आहे आणि ज्याची वर्तणूक चांगली आहे, त्याची नोंद कायम रहिवासी म्हणून करावी. ही तारीख १९४०, १९५८, १९६५ आणि १९८६ साली पुढे सरकवली. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ झाली आणि तिथंच थिजली. एके काळी आठ वर्षं काढली की पुरत होती, आता पन्नासहून अधिक लागतात. माणूस तेवढा जगला पाहिजे. त्याच १९८६ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्यानं, १९८२ च्या आधीपासून बेकायदा राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना मिळून, सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. मुंबईकरांना हे तारखेचं प्रकरण समजावून सांगायला नको. झोपडीचा पुरावा १ जानेवारी १९९५ च्या आधीचा, मग २००० च्या आधीचा. रेशनकार्ड जपून ठेवलेली माणसं आपण पाहिली आहेत.

आणि आपण स्वतः काय करतो? आपल्या नागरिकत्व कायद्यात मुदत संपूनही राहणारा परदेशी हा ‘बेकायदा स्थलांतरित’, त्याला नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर इथं जन्मलेल्या मुलाचे आई किंवा बाप यांपैकी एक जरी तसा असेल, तर ते मूलही जन्मानं नागरिक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा समाजांना सूट दिली, तीही ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख घालून. म्हणजे हाच भाऊ उलट दिशेनं आला असता, तर मुलगी एकवीस होऊन उपयोग नव्हता.

आता रांगेतला मुलगा. त्याची तक्रार खरी आहे, पण भावावर नाही. आईबापांच्या त्या वर्गाला वार्षिक मर्यादाच नाही. काकाला कार्ड मिळालं म्हणून पुतण्या रांगेत एका माणसानंही मागे गेला नाही. त्याची रांग अडली आहे ती नोकरीच्या कोट्यात कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा न देण्याच्या नियमानं, मग तो देश आइसलंड असो की भारत. एकाला मिळालेली सूट दुसऱ्याला अपमानासारखी लागते, हे मला समजतं. पण अन्याय कुणी केला ते नीट शोधावं, घरातला माणूस जवळ सापडतो म्हणून त्याला धरू नये.

आणि काकानं किंमत दिली नाही असं समजू नका. आता चिठ्ठीतली ती शेवटची ओळ: ‘२००४ साली आई गेली, तो आला नाही. मी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.’

१९९६ साली झालेला आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू झालेला एक कायदा आहे. सहा महिन्यांहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं. ही बंदी राहण्यानं लागू होत नाही, बाहेर पडण्यानं लागू होते. म्हणजे एप्रिल १९९८ नंतर तुमचा भाऊ विमानात बसला असता, तर दहा वर्षं परतीची वाट बंद होती. माफीची तरतूद आहे, पण ती नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला वा आईबापांना फार हाल सोसावे लागणार असतील तर. मुलीचे हाल त्यात धरत नाहीत. आणि मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बायकोही त्याच्यासारखीच बिनकागदाची. तो आला असता, तर त्या दोघींना तिथं सोडून आला असता.

तो तुम्हांला हे फोनवर का बोलला नसेल, ते मी सांगू शकत नाही. कदाचित लाज वाटली असेल. तुम्ही लिहिलंय, की तो या डिसेंबरात येतोय, आता परदेशी पासपोर्टवर, ओसीआय कार्ड घेऊन. आपल्या कायद्यात दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं. त्यामुळे मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेतातला वारसाहक्क मात्र राहतो, तेव्हा सातबाऱ्यावरून त्याचं नाव काढायची घाई कुणी करत असेल तर थांबवा.